पिशवीसकट लावलेली झाडे

मी एक जुने खुरपे आहे. सध्या माझा मुक्काम विद्यापीठाच्या ग्रंथालयात, वाचनकक्षाच्या खिडकीत आहे. खुरप्याचे ग्रंथालयात काय काम, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, पंख्याच्या वाऱ्याने वर्तमानपत्रे उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर बसते. तीस वर्षे माती उकरली, आणि आता हे! पण माझी खरी तक्रार ती नाही. या खिडकीतून वसतिगृहाकडून ग्रंथालयाकडे येणारा रस्ता दिसतो, आणि तो पाहिला की माझे डोके फिरते.

एका लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून मला घडवले. मूठ मात्र माळीकाकांनी स्वतः तासून बसवली. माळीकाका म्हणजे या विद्यापीठातले जुने माळी. बोलणे मोजके, पण काम असे की बघत राहावे. रोप लावायचे तर ते आदल्या दिवशी खड्डा ओला करून ठेवत. मग माझ्या पात्याने रोपाची प्लॅस्टिकची पिशवी एका बाजूने अलगद चिरत आणि मातीचा गोळा न फुटू देता रोप खड्ड्यात उतरवत. रिकामी पिशवी खिशात जाई. संध्याकाळी खिशातल्या पिशव्या मोजून आज किती रोपे लागली ते कळे. पाहुणे बागेचे कौतुक करत, तेव्हा मला वाटे, यातले निम्मे कौतुक माझेच आहे.

वसतिगृहाच्या त्या रस्त्यावर मात्र एकही झाड नव्हते. ग्रंथपालबाई रोज दुपारी जेवून तिथूनच परत येत, काळी छत्री उघडून. एकदा त्यांनी विचारले, "काका, इथे सावली कधी होणार हो?"

"तुम्ही निवृत्त व्हायच्या आत," काका म्हणाले.

काकांनी शब्द दिला म्हणजे दिला. त्याच आठवड्यात त्यांनी बी गोळा केले. तीन वर्षे रोपवाटिकेत चाळीस रोपे लेकरांसारखी सांभाळली. तण काढायला मी होतेच.

आणि मग आले नवे उद्यान अधीक्षक. त्यांना सगळे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण बाग पाहायचा ती गाडीतून. काच वर, गाडी हळू, आणि बोट खिडकीबाहेरच्या दिशेने. गाडीतून हिरवे दिसले की बाग चांगली, एवढेच त्यांचे शास्त्र. विद्यापीठाची पाहणी करायला समिती येणार असे कळले, तेव्हा साहेबांनी फर्मावले की ती चाळीस रोपे दोन दिवसांत रस्त्याकडेला लागली पाहिजेत. आणि लावायची ती पिशवीसकट.

काकांना आधी वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. साहेबांनी समजावून सांगितले. पिशवी काढली की रोप चार दिवस मान टाकते, समितीला कोमेजलेली झाडे दाखवायची का? पाहणी झाली की पिशव्या काढून टाका. वर प्रत्येक रोपाभोवती लाल फरशीचे कडे सिमेंटने बसवायचे, म्हणजे माती रस्त्यावर येणार नाही. मी काकांच्या मुठीत होते. ती मूठ किती घट्ट झाली, ते मलाच ठाऊक.

समिती आली, गाडीतूनच गेली, आणि परिसर हिरवागार असल्याचा अभिप्राय देऊन गेली. काका पिशव्या काढायची परवानगी मागायला गेले, तर कळले की पुढच्या आठवड्यात दुसरे पाहुणे आहेत. ते गेले, तर पदवीदान समारंभ. अहो, विद्यापीठाला पाहुण्यांची काय कमी! आठ महिने काका विचारत राहिले आणि साहेब "हे एवढं होऊ द्या" म्हणत राहिले. फरशीला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. मी कोठीतल्या खुंटीला लटकून गंजत होते आणि दात असते तर दातओठ खाल्ले असते.

उन्हाळा आला तशी रोपे पिवळी पडू लागली. मग काय झाले असेल? काकांना लेखी समज मिळाली. कामात हलगर्जीपणा, वेळेवर पाणी न घालणे, इत्यादी. निवृत्तीला तीन महिने राहिलेल्या माणसाला! काकांनी तो कागद खिशात घातला, ज्या खिशात पिशव्या जायच्या त्याच. त्या दुपारी बाई भेटल्या. वाळक्या रोपांकडे पाहून त्या छत्री उघडून पुढे गेल्या. कागदापेक्षा ती उघडलेली छत्री काकांना जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि सरळ त्या रस्त्यावर जाऊन पाचव्या रोपाची फरशी फोडली. माझे टोक मोडले ते तेव्हा. एवढ्यात साहेबांची गाडी आली आणि काच खाली झाली.

"अहो, फरशी फोडलीत?"

मित्रांनो, झाड मेलेले दिसले नाही, फरशी दिसली! काकांनी रोप वर ओढले. ते पिशवीसकट जसेच्या तसे हातात आले. आत मुळे एकमेकांभोवती वेटोळी घालून तळाशी कुजली होती.

"साहेब, जरा खाली उतरता का?" काका म्हणाले. "पाणी मी रोज घातलं. मुळांना जायला वाट कुठंय, तेवढं बघा."

साहेबांनी घड्याळ पाहिले. शुक्रवारचे पाहुणे येऊन गेले की बघू, म्हणाले. तेवढ्यात मागून ग्रंथपालबाई आल्या.

"उतरा साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "आम्ही रोज इथूनच चालतो. तुम्ही आज दोन मिनिटं उभे राहा."

साहेब उतरले. बुटाला चिखल लागला. त्यांनी रोप हातात घेतले आणि उलटसुलट पाहिले. मग म्हणाले, "करा काय करायचं ते. फरशी तेवढी परत बसवा."

एकोणीस रोपे तोवर मेलीच होती. उरलेल्या एकवीस रोपांच्या पिशव्या काकांनी माझ्या मोडक्या टोकाने चिरल्या. निवृत्तीच्या दिवशी ते ग्रंथालयात आले, मला बाईंच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "शब्द अर्धाच राहिला माझा. अधूनमधून झाडांभोवती माती उकरून पाण्यासाठी आळी तेवढी करत जा."

त्यातली चौदा झाडे आज उंच झाली आहेत. मेलेल्या रोपांच्या जागी साहेबांनी लगेच नवी रोपे लावून घेतली, कारण पुन्हा समिती यायची होती. कशी लावली असतील? पिशवीसकट. मी या खिडकीत बसून पाहिले आणि ओरडताही आले नाही. तीही वाळली. म्हणून आता बाई दुपारी येतात तेव्हा झाडाखाली छत्री मिटतात, दहा पावलांवर उघडतात, पुन्हा मिटतात. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार आहेत.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी झाड लावाल. कोणी फोटो काढायला उभे असेल, सगळ्यांना घाई असेल. तेव्हा एकदा खाली वाका आणि पिशवी निघाली का ते पाहा. बाकी माझे काही मागणे नाही.

आत्ताच रस्त्यावर एक टेम्पो येऊन थांबला आहे. माणसे रोपे उतरवत आहेत आणि पिशवीसकट खड्ड्यांत ठेवत आहेत. बाईही माझ्या शेजारी खिडकीशी उभ्या राहून तेच पाहत होत्या. त्यांनी छत्री घेतली नाही. मला उचलले, आणि वर्तमानपत्रे वाचनकक्षभर उडत असताना आम्ही दोघी जिना उतरू लागलो.