सात एक्केचाळीसचे दिवे

पिशोरजवळच्या आमच्या गावच्या सरपंच सत्यभामाबाई. कारभार त्यांचे यजमान साहेबराव पाहतात. म्हणजे सही बाईंची आणि अक्कल साहेबरावांची. त्या अकलेनं परवा फकिराला पकडलं.

फकिरा गंगापूरकडचा भंगारवाला, पंधरा वर्षं गावात येतो. पण दोन दिवसांपासून संध्याकाळी आभाळात दिव्यांची रांग सरकताना दिसत होती, आणि चोर ड्रोननं घरं हेरतात हे गावानं मोबाइलवर वाचलेलं. त्यात फकिराच्या पोत्यात टीव्हीचा जुना रिमोट निघाला. झालं! त्यात सेल नाहीत हे बघायला कुणाला सवड होती? त्याला ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं. कोंडताना चार-पाच जणांनी हात साफ करून घेतले.

मी इथल्या शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवतोय. मला राहवेना. पारावर जाऊन सांगितलं, "अहो, ते उपग्रह आहेत. दिवस मावळला तरी टाकीच्या टोकावर ऊन असतं ना? तसं त्यांच्यावर वर ऊन पडतं, म्हणून चमकतात. आज सात एक्केचाळीसला पुन्हा येतील. फकिरा तर आत आहे. मग उडवणार कोण? बघा, आणि सोडा त्याला."

सातलाच सगळं गाव ग्रामपंचायतीपुढं. कडुबानं तर घरून खुर्ची आणली. बरोबर सात एक्केचाळीसला दिवे निघाले, एकामागं एक, बावीस. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणीच वाजवल्या नाहीत.

साहेबराव वळले. "गुरुजी, टायम तुमाला कसा म्हाईत?"

"मोबाइलवर कळतो."

"म्हंजी मोबाइलवरून उडवता व्हय?"

मोबाइल गेला. "ह्यो अडाणी, याला काय जमतंय," म्हणून साहेबरावांनी फकिराला सोडलं आणि त्याच्या जागी मला घातलं. कडी लावली शिवराजनं, माझ्याच विद्यार्थ्यानं. मला संताप आला आणि रडूही आलं.

फकिरा पोतं घेऊन खिडकीशी आला. ओठ सुजला होता. हळूच म्हणाला, "माझ्यापायी अडकलात, गुरुजी. आता उद्याचा टायम इचारतील. म्हाईत नाय म्हना."

तो गेला आणि साहेबराव आलेच. मागं सगळं गाव. "बोला, उद्या किती वाजता?"

सात चव्वेचाळीस. मला तोंडपाठ होतं. पण तो सुजलेला ओठ डोळ्यांपुढून हलेना.

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "देवालाच ठाऊक."

गर्दी सैलावली. शिवराजनं कडी काढली, मोबाइल परत दिला आणि वर पायाही पडला.

"आता कसं," साहेबराव माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजीसारखं बोललात!"