माझ्याखालचं कडं

मी शिवेचा दगड बोलतोय. धुळे जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या गायरानात उभा आहे. दगडाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण काल मोजणीवाले माझ्या डोक्यावर लाल फुली मारून गेले, तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही.

पूर्वी मी खाली नाल्याकाठी होतो. दोन्ही गावांचे नवरदेव माझ्यावरच नारळ फोडायचे. खोबरं मात्र मला कधी कुणी ठेवलं नाही. माणसांची रीतच ती.

पंचवीस वर्षांपूर्वी खालच्या गावाचं पाणी पार आटलं. तळं होतं वरच्या गावाच्या हद्दीत. वरच्या गावचा सरपंच हिलाल आणि खालच्या गावचा भाईदास, दोघे जिवाभावाचे मित्र. बैलगाडी घेऊन आले, मला उपटलं आणि दोनशे पावलं वर, तळ्याच्या काठावर आणून रोवलं.

"आते तुना ढोरे बी आठे पानी पितीन," हिलाल म्हणाला.

"कागद करूत का, भाऊ?"

"दगड शे ना! कागद कसाले?"

शिवेच्या दगडाखाली कोळसा पुरायची रीत आहे. कोळसा कुजत नाही, तो साक्षीला राहतो. हिलालने त्यावर स्वतःचं नाव कोरलेलं पितळी कडंही ठेवलं. मग मला वर बसवलं आणि दोघे पोटभर हसले.

भाईदास गेला. त्याची बायको केसरबाई आणि आणखी पाच घरं माझ्या अलीकडे, नाल्याच्या वरच्या पट्ट्यात वसली. केसरबाई रोज सकाळी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतते.

आता गायरानावर सौर प्रकल्प येणार म्हणतात. दोन्ही गावं जागेसाठी भांडली. खालच्यांनी दगड चोरून सरकवला, असा अर्ज हिलालच्या मुलाने, युवराजने केला. मग सरकार आलं. नकाशा, तीन पायांचं यंत्र, पोलीस. नकाशात शीव अजून नाल्यावरच आहे. सहा घरं अतिक्रमणात निघाली.

मोजणीवाले साहेब भले होते. त्यांनी मोठ्याने विचारलं, "हा दगड इथे कुणी आणला, कुणाला माहीत आहे का? असेल तर जबाब लिहून घेतो. घरं पाडण्याआधी फेरचौकशी होईल."

केसरबाई हात जोडून म्हणाली, "हिलालआबा, तुमीन सांगा ना."

हिलाल काठी टेकत पुढे आला. जबाब देताना शिवेच्या दगडावर हात ठेवतात, तसा त्याने ठेवला. त्याने आधी युवराजकडे पाहिलं, मग माझ्या पायथ्याकडे.

"माले काहीच माहीत नही, साहेब."

साहेबांनी तसं लिहून घेतलं.

आज सकाळीही केसरबाई माझ्यावर पाणी घालून गेली. उद्या दहा वाजता जेसीबी येणार. आधी मला उचलणार, मग तिची भिंत.

माझ्या मोडण्याचं मला काही नाही हो. भीती वेगळीच आहे. यंत्रावरचा माणूस खड्ड्यात वाकून बघत नाही, माती लोटून पुढे जातो. तुमच्यापैकी कुणी उद्या इथे असाल, तर एक हात वर करा. त्याला क्षणभर थांबवा, आणि माझ्याखाली बघा.