चहाच्या रंगाची अंडी

आमच्या घरात सगळ्यात हट्टी कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी बेधडक सासूबाईंचं नाव घेतलं असतं. काबरी खुडूक बसली आणि त्यांचा नंबर दुसरा झाला.

काबरी म्हणजे आमची ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. गेल्या थंडीत गावात कोंबड्यांची मर आली आणि आमचं खुराडं बघता बघता रिकामं झालं. कोंबडाही गेला. उरली एकटी काबरी. तिची आजी-पणजी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, माहेरून आलेली. त्यामुळे ती आमच्याकडे कोंबडी कमी आणि माहेरवाशीण जास्त. धुळ्याकडच्या उन्हाळ्यात माणसं सावली सोडत नाहीत, आणि ह्या बाईसाहेब ऐन वैशाखात पत्र्याखालच्या टोपलीत अंग फुगवून बसल्या. पोटाखाली एक अंडं नाही, पण हात नेला की चोच.

खुडूक मोडायचे सगळे प्रकार झाले. पाण्यात बुचकळली. नाकात पीस खुपसलं. ती ते पीस मिरवत परत टोपलीत.

"बसू दे तिले," आई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "नवल, आंडा लई ये. पण ज्याना घर कोंबडा शे, त्याना घरनाच लयजो."

कोंबडा असलेलं घर शोधत नवलरावांनी घरोघर कशाला हिंडायचं? धुळ्याच्या बाजारातल्या एका हातगाडीवरून ते 'अस्सल गावठी' अंडी घेऊन आले. तांबूस, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, माझं कोंबडीचं ज्ञान ताटापुरतं. आईंची नजर मोतीबिंदूने अधू झालेली. त्यांनी टोपलीत राख पसरली, विजेची बाधा नको म्हणून एक लोखंडी खिळा ठेवला आणि संध्याकाळी अंडी काबरीखाली सरकवली. काबरीने एकेक अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेतलं. ते बघून मला सुद्धा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग ती जी बसली ती बसलीच. दिवसातून एकदा उठायची, दोन दाणे टिपायची, पाण्यात चोच बुडवायची आणि पळत परत. पत्रा तापून खोलीत पाय ठेववत नव्हता. पिल्लं निघायचा दिवस आला आणि गेला. मग तिने ते एकदाचं उठणंही सोडलं. तुरा पांढरा पडला, छातीचं हाड हाताला लागायला लागलं.

शेवटी आईंनी पातेल्यात कोमट पाणी घेतलं. आत जीव असला तर अंडं पाण्यावर हलतं, असं त्यांचं म्हणणं. अंडी सोडली. एकही हललं नाही. मी वाकून बघत होते. पाणी हळूहळू चहासारखं व्हायला लागलं.

"आई, रंग सुटतोय."

त्यांनी एक अंडं उचलून पदराने पुसलं. पांढरंफेक. दुकानात मिळतं ते, कोंबड्याचं तोंडही न पाहिलेलं. कुणीतरी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी केलेलं.

नवलराव मान खाली घालून उभे. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईंनी मात्र त्यांना शब्दानेही दुखावलं नाही. त्या टोपलीकडे बघत होत्या. काबरी रिकाम्या राखेवर पंख पसरून बसली होती.

"तुमले मी सांगी दिसू," आई म्हणाल्या. "तिले कशी सांगू?"

कोंबडी अशीच मरणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी नवलराव आठवडे बाजारातून पिल्लं घेऊन आले. बाजारात मुलांना खेळायला विकतात तसली रंगवलेली, गुलाबी, हिरवी, जांभळी. दुसरी मिळालीच नाहीत. अंधार पडल्यावर आईंनी ती एकेक करून काबरीच्या पोटाखाली सोडली. आधी ती दचकली, मग घशातल्या घशात वेगळाच आवाज काढायला लागली. सकाळी आपली रंगपंचमी घेऊन अंगणात हजर! दाणे खाल्ले, पाणी प्यायली. आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

ते हसू दुपारपर्यंत टिकलं.

"घार उनी! घार उनी व!"

आईंची आरोळी ऐकून मी धावत बाहेर आले तोवर हिरवं पिल्लू वर गेलं होतं. मातकट पिल्लू मातीत दिसत नाही. ही तर अख्ख्या आभाळाला दिसत होती. काबरी पंख उभारून उड्या मारत होती, पण पिल्लांना ती कुठे कुठे झाकणार? आम्ही पिल्लांवर डालगं, बांबूची मोठी टोपली, पालथं झाकलं, तर आत उकाड्याने दोन मेली. जुनी लुगडी बांधून मांडव केला, तर काबरी पिल्लांना घेऊन त्याच्या बाहेर उकरायला जायची. आत ठेवावीत तर ऊन खातं, बाहेर सोडावीत तर घार. मी काठी घेऊन उभी राहायचे आणि मला रडू यायचं. कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं.

शेवटी एक गुलाबी उरलं.

आईंनी पुन्हा तेच पातेलं काढलं, पुन्हा कोमट पाणी. पिल्लाला तळहातावर धरून बोटाने हळूहळू चोळत राहिल्या. दारात काबरी ओरडत होती. पाणी दोनदा बदललं. दोन्ही वेळा ते जसं ओतलं तसंच राहिलं, स्वच्छ.

"निंघत नही व सारिका," त्या म्हणाल्या. "आंडास्ना निंघी गया. याना निंघतच नही."

त्यांनी पिल्लू पुसून काबरीपुढे ठेवलं. काबरीने ते पंखाखाली घेतलं आणि अंगणाच्या मधोमध बसली. आई पदर डोक्यावर ओढून उन्हात तिच्या शेजारी जाऊन बसल्या, आभाळाकडे बघत.

जेवायला मी तीनदा हाक मारली. त्या उठल्या नाहीत.