सहा फूट एक इंच

लिडियाला तीन फूट रुंदीचा पलंग हवा होता, एक सूतही जास्त नको. शाळेतल्या आलेखाच्या कागदावर तिने तो काढून नेला होता. पाय नाहीत, जमिनीवरच टेकलेला लाकडी चौथरा, खाली पूर्ण लांबीचे सामानाचे दोन खण, वर गादी बसेल अशी खोबण. आतली लांबी अठ्ठ्याहत्तर इंच.

"बाई, तुमी तर धरणच बांधाया काढलंय," कारखान्याच्या रस्त्यावरच्या दुकानात कागद उलटसुलट करत प्रभुदास मिस्त्री म्हणाला होता. "आन एवढा लांब कशाला? तुमी झोपल्यावर पायाशी एक पाव्हणा बसंल."

"गादी त्या मापाची मिळते, मामा."

"मग रुंदी तरी वाढवा. कूस बदलली की खाली पडाल."

"तेवढीच हवी."

तिच्या नवऱ्याला, पॉलला जाऊन चौदा महिने झाले होते. जुन्या पलंगावर त्याच्या बाजूला एक खळगा होता. तिने गादी पिंजून घेतली, फळ्या बदलल्या, तरी आठ दिवसांत तो पुन्हा दिसू लागला. कापूस दबतो, हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको. पण दबायला वजन लागतं, हेही तिला ठाऊक होतं. तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून डुलक्या काढायची. गेल्या महिन्यात वर्गात उभ्या उभ्या डोळा लागून तिच्या हातातली परीक्षानळी फुटली. तिला झोप हवी होती, आणि दुसरी बाजूच नसलेला पलंग.

पलंग आला तो सुरेख होता. सांधे असे बसवलेले की नख शिरू नये. फक्त गादी त्यात बसेना. तिने तीनदा मोजलं. आतली लांबी त्र्याहत्तर इंच. सहा फूट एक.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेतली पोलादी टेप घेऊन दुकानात गेली.

"सलाम, मामा. पाच इंच कमी आहे."

प्रभुदासने रंधा खाली ठेवला. "लाकूड आटलं आसंल."

"लाकूड लांबीत आटत नाही. रुंदीत आटतं. हे तुम्हीच मला सांगितलंय."

त्याने आपली टेप पुढे केली. तिने त्याची टेप आपल्या टेपेला लावून पाहिली. दोन्ही सारख्या. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे एक दार, एक बाकडं आणि फळ्यांची एक चौकट टेकवून ठेवली होती. तिन्हींची उंची एका रेघेत होती.

"हे काय?"

"परत आलेला माल." तो खाली बघत म्हणाला. "दार रंगनाथचं, सात फुटी पायजे हुतं. बाकडं पाच फुटी. चौकट साडेसहाची. लोक म्हनत्यात, प्रभुदासची नजर गेली."

तिने एकेक मोजलं. त्र्याहत्तर. त्र्याहत्तर. त्र्याहत्तर. बाकडं तर हव्या त्याहून लांब निघालं होतं.

"चूक असती तर दर वेळी फरक सारखा आला असता, मामा," ती हळू म्हणाली. "इथं लांबीच सारखी येतेय."

"त्ये मलाबी कळतंय, बाई."

तिने लाकडाची एक नवी पट्टी टेबलावर घ्यायला लावली. स्वतःच्या टेपेने अठ्ठ्याहत्तर इंच मोजले, स्वतःच्या पेन्सिलीने खूण केली. आलेखावर करते तशीच, एक बिंदू आणि त्याभोवती गोल. प्रभुदासने त्या खुणेवर करवत चालवली. तुकडा पडला. ती मोजायला वाकली.

त्र्याहत्तर. कापलेल्या टोकावर तिचाच अर्धा गोल होता.

दुकानात लाकडाचा भुसा हळूहळू खाली बसत होता. प्रभुदास उठला आणि आतल्या खिळ्यावरून बांबूची एक कामटी काढून घेऊन आला. तिच्या एका टोकाला चाकूची खाच होती.

गावातल्या ख्रिस्ती माणसांच्या शवपेट्या तोच करायचा. वडलांपासूनची रीत अशी, की मयताचं माप टेपेने घ्यायचं नाही. कामटीने घ्यायचं, वर तीन इंच सोडून खाच करून तिथेच तोडायची, आणि पेटी बंद करताना ती कामटी मयताच्या शेजारी ठेवायची. माप मागे ठेवायचं नाही.

"पॉलभाऊंच्या वेळी मे म्हयना. दवाखान्यातून आनायला उशीर, पाळकसाहेब घाई करत्यात. माती दिली तवा ध्यानात आलं, कामटी खिळ्यालाच ऱ्हायली." त्याने खाचेवरून अंगठा फिरवला. "जाळायची रीत न्हाई. उकरायला कोन देनार? तुमाला सांगायला तोंड न्हवतं."

पॉल पाच फूट दहा होता. वर तीन इंच. हिशोब तिला करावा लागला नाही.

"उद्या उपासनेनंतर कबरस्तानात जाऊ," तो म्हणाला. "उशाशी खोल पुरू. मग तुमचा पलंग नव्यानं करून देतो."

"माझी मी जाते. द्या इकडे."

तिने कामटी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. नुसतं बघावं म्हणून ती पलंगात ठेवली. टोकापासून खाचेपर्यंत बरोबर बसली, केसभर फट नाही. दुपारचे दोन वाजले होते. ती कोऱ्या फळीवर कामटीशेजारी जरा आडवी झाली, आणि जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती. चौदा महिन्यांत ती एवढी सलग झोपली नव्हती. फक्त ती अगदी कडेला होती, एक हात बाहेर लोंबत होता. तीन फुटांतली दोन फूट जागा तिने सोडली होती.

रविवारी ती उपासनेला गेली. कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेली. कामटी घरी पलंगाच्या खणात होती.

पुढच्या आठवड्यात तिने गादी कापून घेतली. प्रभुदासचा फोन आला. त्याचा आवाज मोकळा होता. "बाई, रंगनाथचं दार सात फूट आलं, बराब्बर. पुरली ना तुमी?"

"हो," लिडिया म्हणाली.

"मग आनतो टेम्पो. पलंग बदलून देतो."

"राहू द्या, मामा. मी पाच फूट एक. मला पुरतो."

संध्याकाळी तिने चादरीचं कापड काढलं. दोन्हीकडे खोचायला हवं म्हणून नव्वद इंच मोजले, खडूने बिंदू केला, भोवती गोल काढला आणि कात्री चालवली. प्रत्येक गोष्ट तीनदा मोजणारी ती, पुन्हा न मोजता टेप गुंडाळून ठेवून आली. कापड गादीवर पसरलं. दोन्ही टोकं गादीच्या कडांना नेमकी मिळाली. खोचायला काही उरलं नव्हतं.

तिने सुरकुत्या सारख्या केल्या आणि कडेला सरकून झोपली.