रुळांच्या जागेवरची लेन

मी एक लेन बोलतेय. सरकारी कागदात मला मार्गिका म्हणतात, पण त्यानं माझी लायकी काही वाढत नाही.

माझ्या जागी पूर्वी रेल्वेचे रूळ होते. ते उपटले, खडी तशीच ठेवली आणि वर मला ओतलं. पाहणीच्या दिवशी इथं काय बोलणं झालं, ते त्या खडीनंच मला सांगितलं.

इंजिनीअरबाई म्हणाल्या होत्या, "साहेब, गर्दीच्या तासाला इथून रेल्वेनं पंधरा हजार माणसं जातात. लेनवरून फार तर दोन हजार मोटारी जातील, आणि बहुतेकींत एकच माणूस."

नगराध्यक्ष म्हणाले, "पण मोटारी जातील ना? मग झालं तर."

असे अकलेचे तारे तोडणाऱ्यालाच हार घालतात. घातला.

साहेबांनी माझ्यावरून पहिली मोटार नेली. थोडे दिवस सगळे सुसाट होते. मग रेल्वेनं जाणाऱ्यांनीही नाइलाजानं मोटारी काढल्या आणि माझा वाहनतळ झाला. पाच जणांची जागा एकटा अडवून बसलेला प्रत्येक शहाणा पुढच्यावर हॉर्न वाजवतो आणि म्हणतो, काय मेली गर्दी ही. मोटारीला तीन-तीन आरसे असतात, पण यांना त्यात फक्त स्वतःचा भांग दिसतो.

एका सकाळी साहेबांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण बसली होती. ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स. रेल्वे होती तोवर तिला कधी उशीर झाला नव्हता. आता तो रोजचाच झाला होता.

"ताई, जरा कळ काढ. बाजूची बाग काढून अजून एक लेन टाकतोय."

"तोवर पेशंटला टेबलावर तसाच झोपवून ठेवू का?"

ती दार उघडून उतरली आणि माझ्या कडेकडेनं भराभर चालू लागली. साहेबांची महागडी मोटार मागेच राहिली. ताई वळणाआड गेली तरी मोटार जागची हलली नव्हती.

पुढे तिनं ती नोकरीच सोडली. एवढा कसलेला हात, आता घराजवळच्या दवाखान्यात केसपेपर काढतो. साहेब सगळ्यांना सांगतात, ताईला जरा आराम मिळाला.

आता बागेतली झाडं पाडून झालीत, रोलरही आलाय. माझी धाकटी बहीण होणार आहे. लोकहो, उद्घाटनाला जरूर या. फक्त एवढं करा, घरून चालत निघा. माझ्यावरून आलात तर समारंभ हुकेल.