कानाला पटलेला हेडफोन

शीतलची रात्रपाळी सकाळी आठला सुटायची. दवाखान्यातून घरी येऊन, दोन भाकरी थापून ती आडवी व्हायची, आणि नेमकी तेव्हाच लाइट यायची. लाइट आली की प्रज्ञेशचा कॉम्प्युटर सुरू.

प्रज्ञेश तिचा धाकटा भाऊ. कनेरगाव नाक्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. २००६ साली तोंडासमोर बॅटरी फुटली आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून तो बहिणीकडे, हिंगोलीला. दोन वर्षं खाटेवर बसून काढली. मग नांदेडच्या एका दोस्तानं त्याला ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच केलेला गेम आणून दिला. पडद्यावर काही नाही, नुसता आवाज. वाघ कुठून येतोय ते ऐकायचं, तिकडं वळायचं, बटन दाबायचं. पोरगं कशात तरी रमलं, म्हणून उशाशी डुरकणारा वाघ शीतलनं महिनाभर सोसला. पण एका पहाटे सलाइन लावताना तिला उभ्याउभ्या डुलकी लागली. त्या दिवशी ती झोपलीच नाही. भावाला घेऊन सरळ रतनसिंगच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

"स्वस्तातला हेडफोन द्या. आवाज बाहेर न्हाई आला म्हंजे झालं."

"मला दिशा कळाली पाह्यजे," प्रज्ञेश म्हणाला.

रतनसिंगनं चकचकीत खोका काढला. "हा घ्या सिस्टर. सराउंड आहे, चारी बाजूंनी आवाज येतो." तो शीतलशीच बोलत होता.

प्रज्ञेशनं खिशातून गेमची सीडी काढली. "लावून पाहू द्या."

शीतल काउंटरला टेकली. पाय भरून आले होते, डोळे आपोआप मिटत होते.

"विहिरीत बसल्यावाणी वाटून राहिलं," प्रज्ञेश म्हणाला. "वाघ एकच, पण चहूकडून गुरगुरतो."

दुसरा हेडफोन नुसता धडधडत होता. तिसऱ्याच्या खोक्यावर सराउंडचं नावही नव्हतं. तो चढवल्यावर प्रज्ञेशची मान हळूहळू डावीकडे वळली, थांबली. बोटानं बटन दाबलं. मग उजवीकडे.

"अन् मागचा?" शीतलनं त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं.

त्यानं हेडफोन काढला. "मागचा दबका येतो. वळलं की मोकळा होतो. हाच बराबर हाय, ताई. पण महाग असंल तर राहू दे."

"सगळ्यात स्वस्त हाच आहे भाऊ," रतनसिंग म्हणाला. या वेळी प्रज्ञेशकडे बघून.

घरी आल्यावर शीतल साडी न बदलताच आडवी झाली. खोलीत फक्त बटनांची टकटक.

"ताई, झोपली का?" हेडफोनमुळे तो ओरडूनच बोलला.

"न्हाई."

त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग तिनं हात लांबवून त्याच्या पाठीवर थोपटलं. त्यानं एक कान मोकळा केला.

"असं केल्यावर दिशा कळंल का रे?"

"न्हाई कळत. पण तू झोपेस्तोवर असंच राहू दे. न्हाईतर तुला काही लागलं तर मला कसं कळंल?"

मोकळ्या बाजूनं बारीक डरकाळी ऐकू येत होती; वाघानं त्याला दोनदा गाठलं. तिसऱ्यांदा काय झालं ते शीतलला कळलं नाही.