एकशेवीस दिवस

"तीन महिने," अनवरीबी म्हणाली. "ईदनंतरचंच हाय, मौलाना. अजून त्यात रूह बी आली नव्हती."

"न्हाई," पडद्यामागून सून बोलली. "एकशेवीस दिस भरून गेले."

ओसरीवर बसलेले मौलाना खाली बघू लागले. सासू बोलत असताना सुनेनं तोंड उघडायचं, तेही परक्या पुरुषासमोर! या घरात असं कधी झालं नव्हतं.

पहाटे सुनेचा, फरजानाचा, गर्भ पडला होता. मुलगी होती, ओंजळीत मावेल एवढी, असं सांगून सुईण झुंबरबाई निघून गेली. आता ती मुलगी आतल्या खोलीत पांढऱ्या फडक्यात होती. तिला परसात पुरायचं की कब्रस्तानात न्यायचं, हे ठरायचं होतं.

"चार महिन्यांनी, एकशेवीस दिवस भरले की फरिश्ता येऊन रूह फुंकतो, जीव घालतो," मौलाना म्हणाले. "ती काय चीज आहे ते इचारू नका. अल्लाचा हुकूम आहे, माणसाला त्यातलं थोडंच कळतं. पण दिस भरले असतील तर ती पोर माणूस झाली. जनाजाची नमाज न्हाई होणार, पण आंघोळ, नाव, कापड, कब्र, हा तिचा हक आहे. कयामतला तिला त्याच नावानं हाक मारतील. तुम्ही बराबर ठरवा, मी दुपारच्या नमाजनंतर येतो."

मौलाना गेले आणि अनवरीबी बोटं मोजायला बसली. बाई जन्माची संशयी. कोंबडीनं दोन दिवस अंडं दिलं नाही, तर ती शेजारणीच्या चुलीत डोकावून यायची. त्यात हा तर घरचा मामला. तिचा पोरगा महेमूद ट्रक घेऊन गेला तो शब-ए-बरातच्या आधी, म्हणजे रमजानला पंधरा दिवस असताना. महिनाभर इंदूरकडंच हाय असा त्याचा निरोप होता, अन् परतला थेट ईदला. फरजाना तेव्हा माहेरी, अंबडला. ईदपासून मोजलं तर तीन महिने आणि सात दिवस. पण एकशेवीस मागं मोजले की बोट रमजानच्या पहिल्या आठवड्यात जात होतं. तेव्हा महेमूद होता कुठं? अनवरीबीनं बोटं पुन्हा मोजली.

ती आत गेली. "रमजानात रोजे किती सुटले तुझे?"

पाळीच्या दिवसांत बाईला नमाज माफ असते आणि रोजाही नसतो. सुटलेले रोजे पुढं भरून द्यावे लागतात, म्हणून प्रत्येक बाईच्या ते पक्के ध्यानात असतात.

"एक बी न्हाई. तीसचे तीस धरले."

"अन् शब-ए-बरातला?"

"तवा नमाज माफ होती मला."

म्हणजे मधल्याच, महेमूद घरी नसतानाच्या दिवसांतलं! पोरगी एक तर फार सरळ होती, नाही तर फार पोचलेली. स्वतःच्याच गळ्यात फास अडकवून घेत होती.

"गप बस," अनवरीबी दबक्या आवाजात म्हणाली. "तीनच म्हण. कुणी काय इचारणार न्हाई."

"मंग तिला नाव मिळणार न्हाई, अम्मा."

"नावाचं पडलंय! ह्या घराचं नाव जाईल त्याचं काय?"

"अम्मा," दारातून महेमूद म्हणाला. तो कधीचा तिथं उभा होता. "मी आल्तो."

"कुठं आल्तास?"

"अंबडला. रमजानचा चाँद दिसला त्या रात्री. जालन्याहून सळया भरल्या होत्या, सोलापूरला जायचं होतं. पहाटे सेहरी खाऊन निघालो."

अनवरीबीला रस्ता पाठ होता. अंबडहून सोलापूरला निघालेली गाडी शहागडवरून, म्हणजे याच गावावरून जाते. दुसरा रस्ता घेतो कोण?

"म्हंजे घरावरून गेलास?"

महेमूदनं मान डोलावली.

"थांबला न्हाईस?"

"हॉर्न बी न्हाई वाजवला. तू म्हणली असतीस, आधी बायको अन् मंग आई."

"म्हणलेच असते!"

तिला फार लागलं. त्या महिन्यात जालन्याकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तिनं महेमूदबद्दल विचारलं होतं. सुनेवरचा संशय फिटला, पण त्याचा आनंद काही झाला नाही. पोरानं आपल्याला चुकवलं, आणि का चुकवलं तेही तिला कळत होतं. मग ती उठली आणि तिनं चुलीवर पाणी ठेवलं.

मौलाना आले तेव्हा ती ओसरीवरच होती. "माझंच मोजण्यात चुकलं," ती म्हणाली. "एकशेवीस कधीच भरलेत." "मंग घाला आंघोळ," मौलाना म्हणाले.

पाणी कोमट झालंय का ते तिनं तीनदा बघितलं. सुनेनं पाणी ओतलं, अनवरीबीनं धुतलं. धुताना तिला इवली बोटं दिसली, आणि सकाळी आपण हिला परसात पुरायला निघालो होतो याची तिला लाज वाटली.

"नाव?" मौलानांनी बाहेरून विचारलं.

नाव ठेवायचा मान घरातल्या मोठ्या बाईचा. अनवरीबीनं सुनेकडं बघितलं. "सांग की."

"मुनीरा," फरजाना म्हणाली. नाव तिनं कधीचं ठरवून ठेवलं होतं.

एवढ्याशा जिवाला जनाज्याची खाट कशाला लागते? महेमूदनं ते पांढरं कापड दोन्ही हातांवर घेतलं आणि अवघडून, हात लांब धरून चालू लागला. मागं मौलाना आणि गल्लीतली चार माणसं. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून अनवरीबी उंबऱ्यावर थांबली.

"महेमूद!"

तो वळला.

"असं न्हाई, पोरा. मानेखाली हात धर तिच्या."

त्यानं हात सरकवून घेतला, आणि मग सगळे निघाले.